२०२९ विजय, शून्य ट्रॉफी: माइक मार्टिन यांची चाळीस वर्षं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'तर' बरेचसे कापलेत, सगळे नाही.)

आजचा भाग बेसबॉलवर आहे. थांबा, लगेच बंद करू नका! बेसबॉलचं काहीही माहीत नसलं तरी चालेल. मलाही सहा महिन्यांपूर्वी काही माहीत नव्हतं. चेंडू, दांडू आणि खूप च्युइंगगम, एवढीच माझी माहिती होती.

झालं असं, की सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून मी एक छोटा प्रोजेक्ट करत होतो. अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्समधल्या कोचेसचं टेबल बनवायचं. नाव, किती वर्षं, किती विजय, किती पराभव, किती राष्ट्रीय विजेतेपदं. डेटा भरला आणि बेसबॉलची यादी विजयांवर सॉर्ट केली. सगळ्यात वर नाव आलं माइक मार्टिन, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी. विजय २०२९. पराभव ७३६. बरोबरी ४. आणि शेवटच्या कॉलममध्ये, विजेतेपदं: ०.

मला वाटलं, बग आहे. जिथे माहितीच नाही तिथे माझ्या कोडने शून्य भरलं असणार, हा प्रकार मी आधी केलेला आहे. म्हणून कोड तपासला. मग हाताने एकेक वर्ष तपासलं. कोड बरोबर होता. शून्य खरं होतं.

आज त्या शून्याबद्दल बोलायचंय.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकेत कॉलेज बेसबॉल म्हणजे आपल्याकडची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हे. आपल्याकडे अशा मॅचला राखीव खेळाडू, दोन मित्र आणि एक कुत्रा एवढेच प्रेक्षक असतात. तिथे मोठमोठी स्टेडियम भरतात, टीव्हीवर मॅच दिसते. फेब्रुवारीत सीझन सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत प्रत्येक टीम साधारण ५५ मॅच खेळते. मग त्यातून ६४ टीम राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडल्या जातात. आजच्या पद्धतीत आधी चार-चार टीमचे सोळा गट असतात. त्यातून सोळा टीम उरतात. त्या आपसात तीन मॅचची मालिका खेळतात आणि शेवटी आठ टीम उरतात. त्या आठ टीम जातात ओमाहाला.

ओमाहा हे नेब्रास्का राज्यातलं शहर. १९५० पासून कॉलेज वर्ल्ड सिरीज तिथेच होते. कॉलेज बेसबॉल खेळणाऱ्या पोराला 'कुठे जायचंय?' असं विचारलं तर तो स्पर्धेचं नाव घेत नाही. तो म्हणतो, ओमाहा. आपल्याकडे वारकऱ्याला जसं 'पंढरपूरला' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, तसं. तिथे नियम सोपा आहे: दोन मॅच हरलात की घरी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बेसबॉलमध्ये सगळा डोलारा पिचरवर असतो, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर. एक चांगला पिचर शंभरेक चेंडू पूर्ण ताकदीने फेकतो आणि मग त्याच्या खांद्याला काही दिवस विश्रांती लागते. कॉलेज सीझनमध्ये महत्त्वाच्या मॅच शुक्रवार, शनिवार, रविवार अशा असतात. म्हणजे तीन चांगले पिचर असले की गाडी चालते. ओमाहाला मात्र मॅच एकामागून एक येतात, आणि लवकर एखादी हरलात तर आणखी जास्त खेळाव्या लागतात. तिथे तुमच्या चौथ्या, पाचव्या पिचरची परीक्षा होते.

योगायोगाने मिळालेली खुर्ची

माइक मार्टिन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९४४ चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटचा. ते फ्लोरिडा स्टेटमध्ये शिकले, तिथेच आउटफिल्डर म्हणून खेळले आणि १९६५ मध्ये खेळाडू म्हणून ओमाहाला जाऊन आले. पुढे काही वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायऱ्यांवर काढली. वरच्या पायरीपर्यंत काही पोचता आलं नाही. मग परत टॅलहॅसी, म्हणजे युनिव्हर्सिटीचं गाव. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात ते बास्केटबॉलचे कोच होते. हो, बास्केटबॉलचे.

१९७५ मध्ये ते फ्लोरिडा स्टेटच्या बेसबॉल टीमचे असिस्टंट कोच झाले. १९७९ मध्ये हेड कोच म्हणून आले डिक हाउझर. हाउझर हे त्याच युनिव्हर्सिटीचे जुने स्टार, मोठं नाव. ते लांबचा डाव टाकणार असं सगळ्यांना वाटलं असणार. पण एकाच सीझननंतर त्यांना थेट न्यूयॉर्क यांकीज टीमचं मॅनेजरपद मिळालं आणि ते गेले. असं बोलावणं आल्यावर कोण थांबेल? खुर्ची रिकामी झाली आणि ३५ वर्षांच्या असिस्टंटला मिळाली.

पहिलाच सीझन, १९८०, आणि टीम थेट ओमाहाला. हे सगळं किती सोपं वाटलं असेल त्यांना! पहिल्या वर्षी ओमाहा, म्हणजे ट्रॉफी दोन-चार वर्षांत येणारच.

हातातोंडाशी आलेला घास

हेड कोच म्हणून ते ओमाहाला एकूण १७ वेळा गेले. त्यातल्या दोन वेळा फायनलपर्यंत.

पहिली फायनल १९८६. समोर अ‍ॅरिझोना. १०-२ अशी सरळ हार, वाद घालायला जागाच नाही.

दुसरी १९९९, आणि ही जास्त दुखणारी. त्या वर्षी फ्लोरिडा स्टेटकडे मार्शल मॅकडूगल नावाचा फलंदाज होता. मे महिन्यात मेरीलंडविरुद्ध त्याने एका मॅचमध्ये सहा होम रन मारले. क्रिकेटच्या भाषेत याला काय म्हणावं मला खरंच कळत नाही. एका ओव्हरमध्ये सहा सिक्स हेही त्यामानाने सोपं वाटतं, कारण बेसबॉलमध्ये अख्ख्या मॅचमध्ये फलंदाजाला चार-पाचदाच संधी मिळते. त्याला त्या दिवशी सात मिळाल्या आणि सातही वेळा त्याने हिट मारली. असा खेळाडू हाताशी. फायनल मायामीविरुद्ध, म्हणजे आपल्याच राज्यातल्या हाडवैऱ्याशी. निकाल मायामी ६, फ्लोरिडा स्टेट ५. एका रनने. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मॅकडूगल ठरला आणि ट्रॉफी मायामीने नेली.

आणि २००८. त्या वर्षी टीममध्ये बस्टर पोझी होता. हा मुलगा कॉलेजात शॉर्टस्टॉप म्हणून आला होता. दुसऱ्या वर्षी त्याला कॅचर केलं, म्हणजे ढोबळपणे विकेटकीपर. २००८ च्या मे महिन्यात एका मॅचमध्ये तो नऊच्या नऊ जागांवर खेळला, वर एक ग्रँड स्लॅमही मारला. त्या सीझनचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू तोच ठरला. ओमाहाला पहिली मॅच स्टॅनफर्डशी. आठ इनिंग झाल्या, स्कोअर ५-५. नवव्या इनिंगमध्ये स्टॅनफर्डने ११ रन केले. एका इनिंगमध्ये अकरा! निकाल १६-५. पुढची मॅचही गेली आणि टीम घरी.

आता गंमत बघा. हाच पोझी पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकला. २००४ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने ८६ वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा शेवटचा खेळाडू बाद करणारा चेंडू ज्याच्या हातमोज्यात विसावला तो डग मिंटकेविच. तोही मार्टिन यांचाच विद्यार्थी. म्हणजे पोरं जगातल्या सगळ्यात मोठ्या ट्रॉफ्या घेऊन येतायत, आणि मास्तरांच्या कपाटात कॉलेजची एक नाही.

मग चुकत काय होतं?

इथे मी जरा माझ्या धंद्यावर येतो. लोक पटकन म्हणतात, हा माणूस 'चोकर', मोठ्या मॅचमध्ये याचे पाय लटपटतात. मी म्हटलं, गणित करून बघू.

ओमाहाला आठ टीम असतात. समजा सगळ्या अगदी समान ताकदीच्या आहेत. मग एका वर्षी तुम्ही न जिंकण्याची शक्यता सात अष्टमांश. हे सतरा वेळा झालं तर सात अष्टमांशाचा सतरावा घात. उत्तर येतं साधारण ०.१०३. म्हणजे सतरा वेळा ओमाहाला जाणारे, अगदी सरासरी ताकदीच्या टीमचे दहा कोच घेतले, तर त्यातला एकजण निव्वळ नशिबाने रिकाम्या हाताने परत येईल. वाईट नशीब आहे, पण अशक्य कोटीतलं नाही. नाणेफेकीत लागोपाठ तीन वेळा छाप पडण्याइतपत म्हणा, त्याहून थोडं कठीण.

आता मी नशिबावर सगळं ढकलत नाहीये. उरलेले नऊ कोच एक तरी ट्रॉफी घेऊन येतात, हेही तेच गणित सांगतं. ऑगी गॅरिडो १५ वेळा ओमाहाला गेले आणि पाच जिंकले. लुइझियाना स्टेटचे स्किप बर्टमन ११ वेळा गेले आणि त्यांनीही पाच जिंकले. तेव्हा काहीतरी असणार. मार्टिन यांच्या टीम संयमी फलंदाजीसाठी ओळखल्या जायच्या. चेंडू नीट पारखायचा, वाईट असला तर सोडायचा. चार वाईट चेंडू सोडले की फलंदाजाला फुकटात पहिला बेस मिळतो. पंचावन्न मॅचच्या सीझनमध्ये, जिथे समोर बरेचदा दमलेला किंवा कच्चा पिचर असतो, तिथे ही पद्धत सोन्यासारखी चालते. ओमाहाला समोरचा पिचर वाईट चेंडूच कमी टाकतो. ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडून सोडून टेस्ट वाचवणारा फलंदाज टी-ट्वेंटीत अडकतो, तसं काहीसं. हा माझा अंदाज आहे बरं का, सिद्धांत नाही.

पण हे गणित करताना मला एक वेगळीच गोष्ट दिसली. मी सतत 'सतरापैकी शून्य' बघत होतो. मग लक्षात आलं, दुसरा आकडा मी नीट बघितलाच नाही. चाळीसपैकी चाळीस.

चाळीस वर्षं हेड कोच. चाळीसही वर्षं टीम राष्ट्रीय स्पर्धेत. चाळीसही वर्षं किमान ४० विजय. एकदाही खाली नाही. आणि हे कॉलेज आहे, हे विसरू नका. चांगला खेळाडू साधारण तीन वर्षांत व्यावसायिक लीगकडे जातो. म्हणजे दर तीन-चार वर्षांनी अख्खी टीम नवी. पोझी जातो, त्याच्या जागी कोणीतरी अठरा वर्षांचा, घरची आठवण काढणारा मुलगा येतो, आणि पुन्हा ४० विजय. चाळीस वर्षांत अशा बारा-तेरा पिढ्या झाल्या. माझ्या टेबलमध्ये या गोष्टीसाठी कॉलमच नव्हता.

कॉलम नसलेलं काम

एक अनुभव सांगतो. आमच्या टीममध्ये एक सीनियर होते. रात्री चालणारा एक मोठा जॉब त्यांच्याकडे होता. दिवसभराचे सगळे हिशोब त्यातून जुळायचे. मी जॉइन झालो तेव्हापासून तो जॉब कधी पडलेला मी बघितला नाही. दरवर्षी अप्रायझलच्या फॉर्ममध्ये प्रश्न असायचा, या वर्षीची तुमची सर्वात मोठी अचिव्हमेंट कोणती? आम्ही पोरं नवनवीन फीचर्सची नावं लिहायचो. ते काय लिहिणार? 'काही बिघडलं नाही' हे कसं लिहायचं? त्यांना दरवर्षी मधलं रेटिंग मिळायचं. ते सोडून गेले. तिसऱ्या महिन्यात रात्री पावणेतीनला माझा फोन वाजला, आणि मग वाजतच राहिला. त्या सहा महिन्यांत मला कळलं की ते नक्की काय करत होते. दुर्दैवाने मीही आधी त्यांना मधलंच रेटिंग दिलं असतं.

हे सगळं डोक्यात ठेवून मार्टिन यांचा शेवटचा सीझन बघा.

शेवटचं वर्ष

५ मे २०१८ ला क्लेमसनविरुद्ध त्यांचा १९७६ वा विजय झाला आणि त्यांनी गॅरिडो यांचा विक्रम मोडला. गॅरिडो त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. मग मार्टिन यांनी जाहीर केलं की २०१९ हे शेवटचं वर्ष. ९ मार्च २०१९ ला २००० वा विजय झाला. तिथवर कॉलेज बेसबॉलमधला कुठलाच कोच आधी पोचला नव्हता.

आणि तिथून गाडी घसरली. टीम हरायला लागली. सीझन संपला तेव्हा विजय ३६, पराभव २१. राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६४ टीमची निवड झाली तेव्हा फ्लोरिडा स्टेट अगदी काठावर पास झाली. ७५ वर्षांच्या माणसाच्या शेवटच्या वर्षी चाळीसची साखळी तुटायची वेळ आली होती. ४० विजयांसाठी अजून चार हवे होते, तेही दुसऱ्यांच्या मैदानांवर.

पहिला मुक्काम जॉर्जिया. यजमान देशात चौथ्या मानांकनाचे. त्यांना त्यांच्याच घरी दोनदा हरवलं, तिथले तिन्ही सामने जिंकले. विजय ३९. दुसरा मुक्काम बॅटन रूज, लुइझियाना स्टेटचं मैदान, जिथे पाहुण्यांना कानात बोळे घालावे लागतात म्हणे. पहिली मॅच ६-४. विजय ४०. साखळी पूर्ण. दुसरी मॅच नऊ इनिंगमध्ये सुटली नाही, बारापर्यंत गेली. ५-४. टीम ओमाहाला!

ओमाहाला पहिली मॅच अर्कान्सासशी, १-०. हे वाचताना माझाही श्वास अडकला होता, खोटं कशाला सांगू. निकाल मला माहीत होता, माझ्याच टेबलमध्ये शून्य लिहिलेलं होतं, तरी मनात आलं की आता तरी घोडं गंगेत न्हाणार. पण पुढे मिशिगनने ०-२ असं हरवलं. मग टेक्सस टेकने ४-१. १९ जून २०१९ ला संपलं. शेवटच्या सीझनचा हिशोब ४२ विजय, २३ पराभव.

नंतर काय झालं

मार्टिन यांच्यानंतर त्यांचाच मुलगा, माइक मार्टिन ज्युनियर, हेड कोच झाला. तो अनेक वर्षं वडिलांचा असिस्टंट होता. पहिला सीझन कोविडने मध्येच गुंडाळला. २०२२ नंतर युनिव्हर्सिटीने त्याला काढलं. मग आला लिंक जॅरेट, मार्टिन यांच्याच टीममधला नव्वदच्या दशकातला शॉर्टस्टॉप, दुसरीकडे कोच म्हणून नाव कमावलेला. त्याचं पहिलं वर्ष २०२३: २३ विजय, ३१ पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत जागा नाही. चार दशकांहून जास्त काळ चाललेली साखळी तुटली.

लायक माणूस, तेच मैदान, तेच कॉलेज, आणि तरीही २३ विजय. तेव्हा कळतं की '४० विजय' हे आपोआप घडणारं काही नव्हतं. ते दरवर्षी कोणीतरी, मायनर लीगमधून परत आलेला एक माणूस, हाताने करत होता.

१ फेब्रुवारी २०२४ ला मार्टिन गेले. त्यांना लेवी बॉडी डिमेन्शिया झाला होता. ऐंशी पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी होते. त्यांच्या जर्सीचा नंबर ११ होता आणि खेळाडू त्यांना 'इलेव्हन' म्हणूनच हाक मारायचे.

त्यानंतर चारच महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, जॅरेटची टीम ओमाहाला पोचली. आदल्या वर्षी २३ मॅच जिंकलेली टीम! पहिलीच मॅच टेनेसीशी. नवव्या इनिंगपर्यंत आघाडीवर होते आणि ११-१२ अशी हरले. मग व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाला हरवलं. पुन्हा समोर टेनेसी, पुन्हा हार. टेनेसी पुढे जिंकली. फ्लोरिडा स्टेट आतापर्यंत २४ वेळा ओमाहाला गेली आहे आणि अजून एकदाही जिंकलेली नाही. त्यातल्या १९ वेळा मार्टिन सोबत होते: एकदा खेळाडू म्हणून, एकदा असिस्टंट म्हणून, १७ वेळा हेड कोच म्हणून.

ते शून्य मी काही सजवून दाखवणार नाही. त्यांना ट्रॉफी हवी नव्हती असं म्हणणं हा त्यांचा अपमान होईल. चाळीस वर्षं कोणी हौसेने ओमाहापर्यंत जाऊन हरत नाही. शून्य शून्यच आहे. मी माझ्या टेबलमध्ये एवढंच केलं की आणखी एक कॉलम जोडला: 'सर्वात वाईट वर्षातले विजय'. मार्टिन यांच्या रांगेत तिथे ४० च्या खालचा आकडा येतच नाही. मग त्या कॉलमवर सॉर्ट केलं. मी डेटा भरलेल्या कोचेसमध्ये, इतकी वर्षं काम करून, त्यांच्या जवळपास कोणीच नव्हतं.

आणि हो, त्या सीनियरना मी गेल्या महिन्यात फोन केला. रात्रीच्या त्या जॉबबद्दल दोन शंका होत्या, त्या विचारल्या. मग उशिरा का होईना, थँक यू म्हटलं. ते म्हणाले, "अरे, तो अजून चालतोय ना? मग झालं तर."

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीत असा 'काही बिघडू न देणारा' माणूस असेल, तर मला जरूर लिहून कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.